हरळीचा रोग

मी पीएच.डी.साठी नाव नोंदवलं तेव्हा निवडायला फारसे विषय उरलेच नव्हते. नागपूरच्या माझ्या मार्गदर्शक सरांकडे कपाशीवाले, संत्र्यावाले, सोयाबीनवाले विद्यार्थी आधीच होते. मी वर्ध्याच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते, वय पस्तिशीकडे झुकलेलं, आणि नोकरी सांभाळून काम करणार होते. सरांनी चष्मा पुसत विचारलं, "लॉनच्या गवतावर पडणारी बुरशी बघाल का? आपल्याकडे कोणी बघितलेली नाही." कोणी बघितलेली नाही म्हणजे कोणाला नको होती, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी हो म्हणून मोकळी झाले.

सेलूला माहेरी सांगितलं तेव्हा आई सुपात तूर घेऊन निवडत बसली होती. तिचे हात थांबले.

"गवताले रोग झाला तं बरंच हाय ना," ती म्हणाली. "तुह्या बाबाची अख्खी उमर हरळी उपटन्यात गेली."

तिचं खरं होतं. आमच्या वावरात हरळीइतका चिवट शत्रू दुसरा नव्हता. वखराखाली तिचा एक तुकडा झाला की पुढच्या पावसात त्या तुकड्याची नवी हरळी. बाबा गेले त्या वर्षीही बांधाजवळच्या दोन तासांत, म्हणजे पेरणीच्या ओळींत, ती होतीच. आणि शहरात लोक त्याच हरळीची बारीक पात्याची जात पैसे देऊन आणतात, तिला रोज पाणी घालतात, तिच्यावर रोलर फिरवतात, हे मी आईला समजावून सांगायला लागले.

"म्हंजे तू तिले वाचवून राह्यली?"

"वाचवत नाही. तिला कोणती बुरशी लागते, ती सगळीकडे एकच आहे की वेगवेगळी, ते पाहून राह्यली."

"पाहून मंग?"

आईनं पुन्हा सूप हलवायला घेतलं.

मी तेव्हा वर्ध्याच्या कडेला पिपरी मेघेला दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहत होते. आजूबाजूला प्लॉट पडलेले, कुठे पाया खणलेला, कुठे विटांचे ढीग, मधूनच एखादं रंग न दिलेलं घर. नवरा बुलढाण्याकडे शाळेत शिक्षक होता. लग्नानंतर तो दर शनिवारी यायचा, मग महिन्यातून एकदा, मग दिवाळीला. आमच्यात भांडण असं झालंच नाही. झालं असतं तर कोणाला सांगायला तरी काही असतं. घरमालकीणबाई किराणा दुकानवाल्यांच्या घरातल्या, स्वभावानं चांगल्या. पहिल्या वर्षी त्या जिन्यात भेटल्या की विचारायच्या, "साहेब कधी येणार?" पुढे त्यांनी विचारणं सोडलं. त्यांनी विचारलं की मला राग यायचा, पण विचारेनाशा झाल्या तेव्हा जास्त लागलं.

कॉलेजच्या वाटेवर एका शिक्षणसंस्थेचं मैदान होतं. आधी तिथे मुरूम, खडे आणि आपोआप उगवलेली हरळी एवढंच होतं. नव्वदीच्या शेवटी संस्थेनं ठरवलं की इथे क्रिकेटचं चांगलं मैदान करायचं. नागपूरजवळच्या एका नर्सरीतून ट्रकनं लॉन आलं, मातीसकट कापलेले हिरवे चौकोन, चटया अंथराव्यात तसे एकाला एक लावून अंथरले. ते निवडायला संस्थेनं आपल्या माळ्यालाच पाठवलं होतं. साठीला आलेला, हिंगणघाटकडचा माणूस. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मैदानाच्या कडेला टिनाच्या खोलीत एकटाच राहायचा. पहिलं वर्ष लॉन असं जमलं की संध्याकाळी लोक पोराबाळांना घेऊन नुसतं बघायला यायचे आणि हे काका काठीनं टोक दाखवून सांगायचे, इथून पलीकडे चालाचं नाई.

दुसऱ्या वर्षी भादव्यात पाऊस उघडला, ऊन तापलं, आणि हिरव्यात तपकिरी गोल उमटायला लागले. आधी ताटलीएवढे, मग परातीएवढे. ते मी रस्त्यावरूनच पाहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी, दव सुकायच्या आत, भिंग घेऊन गेले आणि एका डागाच्या कडेला गुडघे टेकून बसले. पात्यांच्या मधून पांढरे धागे गेले होते, कोळ्याच्या जाळ्यासारखे, दवानं भरलेले. लांबून काका काठी घेऊन धावत आले.

"ओ म्याडम, बसू नोका तिथं. कुत्र्यायनं खराब केलं हाय ते."

"काका, कुत्र्यांनी नाही केलं. ही बुरशी आहे."

"लोनच्यावर येते तशी?"

"तशीच, पण वेगळी. बघा."

मी भिंग दिलं. त्यांनी ते डोळ्याला इतकं चिकटवलं की काहीच दिसेना. मी त्यांचा हात धरून भिंग खाली नेलं. बराच वेळ ते ओणवे राहिले.

"जाळं हाय," ते म्हणाले. मग उभे राहून त्यांनी पलीकडच्या कुत्र्यावर एक ढेकूळ भिरकावलं. मी कितीही सांगितलं तरी कुत्र्यांवरचा त्यांचा संशय पुढे कधीच पूर्ण गेला नाही. मलाही ते कुठेतरी बरं वाटायचं, कारण निदान कोणीतरी माझ्या विषयावर माझ्याशी वाद घालत होतं.

त्या पावसाळ्यात डाग वाढत गेले. एक डाग दुसऱ्याला भिडला की आठ आकड्यासारखा आकार व्हायचा. स्पर्धा तोंडावर आल्या होत्या. संस्थेच्या बैठकीत कोणीतरी म्हणालं की लॉनच रोगट आणलं. मग प्रश्न आला, निवडलं कोणी. काकांना कोणी ओरडलं नाही, कामावरून काढलंही नाही. त्यांना वसतिगृहामागच्या पंपावर बसवलं, लॉन एका ठेकेदाराकडे दिलं आणि टिनाची खोली त्याच्या अवजारांसाठी रिकामी करून घेतली. मी पुढच्या वेळी नमुने घ्यायला गेले तेव्हा काका दिसले नाहीत. विचारत विचारत पंपावर पोचले. विहिरीच्या कठड्याला टेकून बसले होते.

"ते म्हनते म्या रोग आनला," ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती, दुसऱ्या कोणाची तरी गोष्ट सांगावी तसं सांगत होते. "म्या तं गवत आनलं."

मी तिथे उभी होते, हातात कागदी पिशव्या, त्यांत मुळांसकट उपटलेलं गवत.

बैठकीतल्या लोकांचा प्रश्न चुकीचा नव्हता. पुष्कळशा बुरश्यांचे बीजाणू वाऱ्यावर उडतात, त्या कोणी आणल्या हे विचारण्यात अर्थ नसतो. ही बुरशी सहसा तशी उडत नाही. ती मातीतून जाते, मुळांच्या तुकड्यांतून, गवत कापायच्या यंत्राच्या पात्याला चिकटून, चपलेखालच्या चिखलातून. म्हणून ती कुठून आली हे विचारता येतं. रोग नर्सरीच्या लॉनबरोबर आला असेल, तर मैदानातले सगळे डाग एकाच बुरशीचे तुकडे असायला हवेत. तो मैदानाच्या मातीत आधीपासूनच असेल, तर डागाडागातली बुरशी वेगळी निघायला हवी. माझ्या प्रबंधात मला हेच शोधायचं होतं. सरांच्या खोलीत तो नुसता अभ्यासाचा प्रश्न होता. विहिरीवरून परत येताना मला पहिल्यांदा वाटलं की याचं उत्तर लवकर मिळायला हवं.

मी मैदानातल्या प्रत्येक मोठ्या डागातून नमुने घेतले. नर्सरीत जाऊन तिथल्या वाफ्यांतून घेतले. पिपरी मेघेच्या रस्त्याकडेच्या हरळीतून घेतले. सेलूला आमच्या वावराच्या बांधावरूनही घेतले. भाऊ विळा घेऊन बरोबर आला होता. मी एकेक काडी उजेडात धरून तिच्या बुडावरचे डाग शोधत होते.

"ताई, लोक पाहून राह्यले," तो हळूच म्हणाला.

"पाहू दे."

"काऊन पाहून राह्यली म्हून विचारलं तं काय सांगू?"

"सांग, बहीण शिकते."

तो हसला, पण माझ्यापासून थोडा लांब जाऊन उभा राहिला.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत मला आठवड्याभर जागा मिळत नसे, म्हणून माझं काम रविवारी. चौकीदार किल्ली द्यायचा आणि गेटजवळ जाऊन बसायचा. एवढ्या मोठ्या इमारतीत मी आणि व्हरांड्यातले पारवे. पंखा लावता येत नसे, वाऱ्यानं भलत्याच बुरश्या बशीत पडतात. बटाट्याचा काढा, साखर आणि अगर घालून घट्ट केलेलं माध्यम काचेच्या बशीत ओतायचं, एका कडेला एका डागातली बुरशी ठेवायची, समोरच्या कडेला दुसऱ्या डागातली. काही दिवसांत दोन्ही वाढत मध्यावर येतात. एकाच बुरशीचे दोन तुकडे असले तर धागे धाग्यांत मिसळून जातात, कुठे एक संपली आणि दुसरी सुरू झाली हे सांगता येत नाही. वेगळ्या असल्या तर धागे जुळतात, पण जुळल्या जागच्या पेशी मरतात आणि बशीच्या मधोमध एक बारीक रेघ उरते.

मी त्या बश्या उजेडात धरायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "रेघ." किंवा, "नाही." एकदा स्वतःचाच आवाज ऐकून दचकले. शुक्रवारी दुपारी शेवटचा तास संपल्यापासून मी कोणाशी एक वाक्यही बोलले नव्हते. भाजीवालीला सुद्धा बोटानंच दाखवलं होतं.

एका रविवारी मी काकांना यायला सांगितलं. ते बाहेरच्या नळावर पाय धुऊन आले आणि स्टुलाच्या अगदी कडेवर बसले. मी एक बशी त्यांच्यापुढे ठेवली.

"ही दोन्ही मैदानातली. एक गेटजवळच्या डागातली, एक पलीकडच्या टोकाची."

त्यांनी वाकून पाहिलं. "मधात रेघ हाय."

"म्हणजे दोन्ही वेगळ्या."

"अन् हे?"

"ही दोन्ही नर्सरीतली."

"इथं रेघ नाई."

"ती एकच आहे."

ते कितीतरी वेळ एका बशीवरून दुसरीवर जात राहिले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "म्हंजे म्या आनला नाई?"

मला हो म्हणायचं होतं. पण रेघ एवढंच सांगते की दोन बुरश्या वेगळ्या आहेत. कोणती कोणाच्या नात्यातली, हे ती सांगत नाही. शिवाय अजून कितीतरी जोड्या लावायच्या होत्या.

"अजून नक्की सांगता येत नाही, काका. नागपूरला आणखी एक तपासणी करावी लागेल."

"बरं. पाहा मंग." ते उठले. दाराशी थांबून त्यांनी ओळीनं लावलेल्या टेबलांकडे पाहिलं. "तुमी एकट्याच बसता इथं?"

"हो."

"मी बी पंपावर एकटाच रायतो. पन तिथं मोटरीचा आवाज रायते."

नागपूरची तपासणी म्हणजे बुरशीचा डीएनए. धागे थंडगार करून खलबत्त्यात कुटायचे, त्यातून डीएनए वेगळा काढायचा, यंत्रात त्याच्या ठरावीक तुकड्यांच्या लाखो प्रती करायच्या आणि त्या जेलच्या पातळ थरातून विजेच्या जोरावर पळवायच्या. लहान तुकडे पुढे जातात, मोठे मागे राहतात. जांभळ्या उजेडात पाहिलं की शिडीच्या पायऱ्यांसारखे पट्टे दिसतात. ज्यांचे पट्टे सारखे त्या बुरश्या एक, जेवढे पट्टे वेगळे तेवढं नातं दूरचं. तिथे यंत्र एक आणि हात पुष्कळ. माझा नंबर सणासुदीला, सुट्टीत लागायचा. सकाळच्या पॅसेंजरनं जायचे, डब्यात पोळी आणि बर्फाच्या थर्मासमध्ये नळ्या. पहिला उन्हाळा सगळा वाया गेला. जेल उजेडात धरावा आणि त्यात काहीच नसावं, असं पुन्हा पुन्हा झालं. शेजारी संत्र्यावर काम करणारी मुलं एकमेकांच्या जेलवर ओणवी होऊन गलका करायची. माझा जेल पाहायला कोणी आलं तर विचारायचं, "तुमचं ते गवताचं ना?" आणि आपल्या कामाला लागायचं. त्यात कोणाचा वाईट हेतू नव्हता.

पुढच्या हिवाळ्यात पट्टे आले. सर स्वतः बाजूला उभे होते. नर्सरीतल्या सगळ्या नमुन्यांचे पट्टे हुबेहूब सारखे होते, म्हणजे तिथे एकच बुरशी वाफ्यावाफ्यातून पसरलेली. मैदानातल्या डागांचे मात्र जवळजवळ प्रत्येकाचे वेगळे. आणि ते नर्सरीपेक्षा पिपरी मेघेच्या रस्त्याकडेच्या आणि आमच्या सेलूच्या बांधावरच्या बुरशीला जवळचे होते. ही सगळी मंडळी लॉन येण्याच्या कितीतरी आधीपासून या जमिनीत होती. गावठी हरळीत ती गुपचूप राहतात, तिचं फारसं बिघडवत नाहीत. एकाच जातीचं, दाट, रोज भिजवलेलं गवत वर अंथरलं गेलं आणि त्यांचं फावलं.

एक डाग मात्र नर्सरीचाच निघाला, पॅव्हेलियनजवळचा.

"छान काम झालं," सर म्हणाले आणि पुढच्या विद्यार्थ्याकडे वळले. मी स्टेशनवर आले. गाडीला वेळ होता. इतका आनंद झाला होता की तो कोणाला तरी सांगायलाच हवा होता. एसटीडी बूथमध्ये शिरून मी नवऱ्याच्या घरमालकांचा नंबर फिरवला. त्यांनी त्याला बोलावून आणलं. मी भराभरा सांगितलं, पट्टे आले, नर्सरीची एकच आहे, मैदानातल्या वेगवेगळ्या आहेत.

"बरं झालं," तो म्हणाला. "जेवलीस का?"

"नाही अजून."

"जेवून घे."

समोरच्या डबीवर बिलाचे लाल आकडे सरकत होते. त्याच्याकडे मागे कोणाचा तरी रेडिओ चालू होता, तो मला ऐकू येत होता. "ठेवते," मी म्हटलं. त्यानंतर वर्षाच्या आत आम्ही कागदोपत्रीही वेगळे झालो, तेही असंच, आवाज न चढवता.

संस्थेच्या सचिवांना मी सगळं लिहून नेऊन दिलं आणि समोर बसून समजावलंही. सभ्य गृहस्थ होते, नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे रोग आमच्याच जमिनीत होता?"

"बहुतेक सगळा."

"मग उपाय काय?"

मी सांगितलं. संध्याकाळचं पाणी बंद करून पहाटे द्या, गवत फार खाली कापू नका, पाणी साचतं तिथे उतार काढा. त्यांनी मान डोलावली. मग मी माळीकाकांचा विषय काढला.

"ते गेले ना उन्हाळ्यात," ते म्हणाले. "मुलीकडे, वडनेरला. पंपावर एकटं वाटतं म्हणाले." मग त्यांनी जोडलं, "तसा त्यांच्यावर कोणी काही आरोप ठेवला नव्हता, मॅडम."

ते खोटं बोलत नव्हते. बैठकीत झालेलं बोलणं ते विसरले होते.

मी हिंगणघाटला बस बदलून वडनेरला गेले. हायवेवरच्या चहाच्या टपरीवर विचारलं, वर्ध्याहून आलेले म्हातारे माळीबुवा, मुलीकडे राहतात ते. घर सापडलं. अंगणात बाजेवर बसून काका चऱ्हाट वळत होते. पार वाळले होते. मला ओळखलं, पण मी काय बोलते ते त्यांना ऐकू येईना. मुलीनं पाणी आणून दिलं आणि म्हणाली, "जोरानं बोला, म्याडम. कान गेले हायत."

मग मी वडनेरच्या त्या अंगणात बुरशीविषयी मोठ्यानं ओरडून बोलले. कुंपणापलीकडे शेजारपाजारचे जमले.

"काका, रोग तुम्ही आणला नाही. तो जमिनीतच होता. आधीपासून."

"हं?"

मुलीनं त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं. त्यांनी हातातलं चऱ्हाट खाली ठेवलं.

"सारा?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, "एक डाग सोडून. पॅव्हेलियनजवळचा. तो तेवढा लॉनबरोबर आला होता."

मुलगी माझ्याकडे बघायला लागली, हे सांगायची काय गरज होती अशा नजरेनं. पण त्याच्याखेरीज बाकीचं खरं झालं नसतं. तिनं नाइलाजानं तेही कानात सांगितलं. काकांनी चऱ्हाट पुन्हा हातात घेतलं.

"तो लय मोठा व्हता," ते म्हणाले.

"हो."

"मंग एक तं आनला म्या." आणि ते हसायला लागले. दात नव्हते, हसताना खांदे हलत होते. इतक्या दिवसांत मी त्यांना हसताना पाहिलंच नव्हतं. मुलगी हसली, कुंपणापलीकडचेही हसले. कशाला हसतो आहोत ते त्यांना कळलं नसावं.

जावई वावरातून आला होता, तो बाजूला बसून सगळं ऐकत होता. त्यानं विचारलं, "म्याडम, थे बुरशी मले देता काय? माह्या वावरात हरळी लय माजली हाय. औषध मारून मारून थकलो."

"तिनं हरळी मरत नाही हो. वरची पानं जळतात, खालून पुन्हा फुटते. आणि हिच्याच भाऊबंदांतल्या काही बुरश्या हरभऱ्याला, कपाशीला लागतात. सोडली तर आवरायची कशी?"

"म्हंजे कामाची नाई."

"नाही."

त्यानं हे अगदी सरळपणे म्हटलं आणि मीही. त्याला राग आला नाही, मलाही वाईट वाटलं नाही.

मुलीनं जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. भाकर, अंबाडीची भाजी, मिरचीचा ठेचा. कितीतरी दिवसांनी कोणीतरी वाढलेलं जेवत होते. काका बाजेवरूनच बघत होते, ताटात भाजी संपली की मुलीला खुणावत होते. निघाले तेव्हा म्हणाले, "येजो, बाई." आजवर ते मला अहो-जाहो करायचे. मी हो म्हटलं, आणि जायचं मनातही होतं. पण प्रबंधाचं लिखाण सुरू झालं, मग परीक्षा, मग आईचं आजारपण. एका दुपारी कॉलेजातल्या बाबूंनी चहा पिता पिता सांगितलं की सकाळी वडनेरहून फोन आला होता, तुम्ही तासावर होता, कोणी म्हातारे वारले म्हणे. मी कप तसाच ठेवून पुढच्या तासाला गेले. त्या दिवशी फळ्यावर काय काढलं ते मला आठवत नाही.

तोंडी परीक्षा नागपूरला झाली. ती कोणालाही ऐकायला येता येते, म्हणून खुर्च्या मांडल्या होत्या. पुढच्या रांगेत सर आणि बाहेरगावचे परीक्षक, मागे पुढच्या महिन्यात ज्यांची परीक्षा होती असे दोन-तीन विद्यार्थी. परीक्षकांनी विचारलं, "याचा उपयोग काय?" मी मैदानांची निगा, पाण्याची वेळ, नर्सरीतल्या लॉनची तपासणी, हे सगळं सांगितलं. ते समाधानानं मान हलवत होते. मला मात्र वाटत होतं की मी त्यांना अर्धंच सांगते आहे. उरलेलं अर्धं कसं सांगतात ते मला येत नव्हतं.

कॉलेजात पेढे वाटले. "झालं का गवताचं शेवटी?" एकानं विचारलं. झालं, मी म्हटलं.

पण बुरश्या उरल्याच होत्या. काचेच्या नळ्यांत, तिरक्या माध्यमावर, प्रत्येकीवर डागाची जागा लिहिलेली. प्रयोगशाळेत जागा नाही म्हटल्यावर मी त्या घरच्या फ्रीजमध्ये आणून ठेवल्या, दुधाच्या वरच्या कप्प्यात. मधूनमधून त्यांना नव्या माध्यमावर हलवावं लागे. त्या वर्षांत लोडशेडिंग इतकं वाढलं की दुपारभर वीज नसायची. मी लाकडाच्या भुशातला बर्फ आणून ठेवायचे, घरमालकीणबाईंनी एकदा त्यांच्या इन्व्हर्टरवर वायर ओढून दिली, तरी एका उन्हाळ्यात निम्म्या नळ्या मेल्या. मरतात म्हणजे काही दिसत नाही. नव्या बशीत ठेवाव्या आणि वाट पाहावी, तर काहीच वाढत नाही.

दक्षिणेतल्या एका संशोधन केंद्रातून त्याच सुमारास विचारणा आली. गवताच्या बुरश्यांचा संग्रह करत होते, कोणीतरी माझा प्रबंध पाहिला होता. नमुने मिळतील का, असं विचारलं होतं. मी आठवडाभर विचार केला. मग उरलेल्या सगळ्या नळ्यांच्या प्रती नव्या माध्यमावर वाढवल्या, कापसात गुंडाळल्या, डब्यात बसवल्या आणि कुरियरच्या दुकानात नेऊन दिल्या. दुकानदारानं विचारलं, "आत काय हाय?" मी म्हटलं, "बुरशी." त्यानं डबा जरा लांब धरून वजनकाट्यावर ठेवला.

बरेच दिवस काही कळलं नाही. मग निरोप आला, सगळ्या पोचल्या, सगळ्या वाढत आहेत, धन्यवाद. मी तो निरोप दोनदा वाचला. माझ्याकडच्या जुन्या नळ्या प्रेशर कुकरमध्ये उकळून टाकल्या, तसं करावंच लागतं. मग फ्रीजचा वरचा कप्पा काढून नळाखाली धुतला, पुसला आणि परत बसवला. त्यात काय ठेवायचं ते सुचलं नाही. बाजारात जाऊन भाजी आणली, कप्पा रिकामा दिसू नये म्हणून दोन माणसांना पुरेल इतकी, आणि ती नीट लावून ठेवली.